दंडाचा घेर आणि दंडातला जोर

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये नईम सुलेमानोग्लू या तुर्की वेटलिफ्टरनं ६० किलो वजनी गटात १९० किलो डोक्यावर उचलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. उंचीनं हा माणूस पाच फुटांच्या आतला. दर ऑलिंपिकला असा एखादा खेळाडू दिसतो आणि तोच प्रश्न पुन्हा निघतो: एवढ्याशा देहात एवढा जोर येतो कुठून?

उत्तरंही बहुधा तीच मिळतात. शरीर कमावलेलं आहे, तंतू 'फास्ट' जातीचे आहेत, मनाची तयारी जबर आहे. तिन्हींत तथ्य आहे. पण मला जी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते, ती या गप्पांत क्वचितच येते. स्नायू किती मोठा, याच्याइतकंच किंवा कित्येकदा त्याहून जास्त महत्त्व त्याच्या आतले तंतू कसे मांडलेत याला असतं. तेवढंच मांस एका तऱ्हेनं मांडलं की जोर मिळतो, दुसऱ्या तऱ्हेनं मांडलं की वेग आणि पल्ला मिळतो. दोन्ही एकाच मांसातून पुरेपूर मिळत नाहीत. हा सौदा एकदा कळला की धावणं, प्लास्टर काढल्यावरचा आखडलेला पाय, उतारवयात जिना उतरताना वाटणारी धास्ती, अशा बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आधी मूठ आवळून बघा

हाताशी एखादा कागद असेल तर घ्या. मनगट सरळ ठेवून तो मुठीत घट्ट धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. सुटणार नाही. आता मनगट आतल्या बाजूला, जाईल तितकं वाकवा आणि पुन्हा तितक्याच घट्ट मुठीत कागद धरायचा प्रयत्न करा. मूठ नीट मिटतच नाही. कागद अलगद निसटतो.

हात तोच, स्नायू तेच, तुमची इच्छाही तीच. मग जोर गेला कुठे?

बोटं मिटणारे मोठे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून त्यांच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटावरून बोटांपर्यंत जातात. मनगट आत वाकवलं की हे स्नायू आधीच आखूड झालेले असतात. आणखी आवळायला त्यांच्यापाशी जागाच उरत नाही. त्यातच हाताच्या मागच्या बाजूचे, बोटं उघडणारे स्नायू ताणले जातात आणि बोटांना उलट खेचतात. पण मुख्य मुद्दा हा की स्नायूचा जोर म्हणजे गोदामात साठवलेला ठरावीक माल नव्हे. त्या क्षणी स्नायूची लांबी किती आहे, यावर तो ठरतो. असं का, हे समजायला आत शिरावं लागेल.

स्नायूच्या आत काय असतं

दोरखंड उलगडून पाहिला असेल तर स्नायूची रचना लगेच लक्षात येईल. दोरखंडात पेड, पेडात धागे, धाग्यात सूत. तसंच स्नायूत तंतूंच्या जुड्या असतात, जुडीत तंतू असतात. एक तंतू म्हणजे एक लांबलचक पेशी. तिच्यात आणखी बारीक धागे, आणि त्या प्रत्येक धाग्यावर टोकाला टोक जोडून बसलेले अतिसूक्ष्म डबे. या डब्याला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी साधारण अडीच मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात असे चारशे डबे बसतात. या लेखात मी त्याला डबाच म्हणेन.

आकुंचन होतं ते इथे. डब्यात जाड आणि बारीक अशा दोन प्रकारच्या काड्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. जाड काडीला असंख्य इवले हात फुटलेले असतात. ते बारीक काडीला पकडतात, ओढतात, सोडतात, पुढे पुन्हा पकडतात. काड्या स्वतः आखूड होत नाहीत, नुसत्या एकमेकींवरून सरकतात. हे १९५४ साली दोन वेगवेगळ्या गटांनी 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात मांडलं. एका गटात ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन, दुसऱ्यात अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडरगर्के. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं नव्हतं.

मुठीचं कोडं इथे सुटतं. डबा बेताच्या लांबीचा असेल तर जास्तीत जास्त हातांना पकडायला काडी मिळते आणि जोर भरपूर येतो. डबा फार ताणला गेला तर काड्या एकमेकींपासून दूर सरकतात, पकड कमी होते. फार आखूड झाला तर काड्या एकमेकींवर चढतात, धडकतात, आणि जोर पुन्हा घसरतो. मनगट वाकवून मूठ आवळताना आपण डब्यांना या शेवटच्या अवस्थेत ढकलत असतो.

एकामागे एक, की शेजारी शेजारी

आता सगळ्या लेखाचा कणा. दहा माणसं घ्या. ती एकामागे एक उभी आहेत, प्रत्येकानं पुढच्याचा हात धरलाय, पहिल्याचा हात खांबाला बांधलाय. सगळ्यांनी एकदम कोपर वाकवून आपल्याला एक वीत आत ओढलं, तर शेवटचा माणूस किती सरकेल? दहा विती. तेही एक वीत सरकायला लागतो तेवढ्याच वेळात. पण त्याच्या हातातल्या ओझ्यावर जोर किती पडेल? एका माणसाचाच. साखळीत ताण सगळीकडे सारखा असतो, तो माणसं वाढवून वाढत नाही.

तीच दहा माणसं शेजारी शेजारी उभी करा, प्रत्येकाच्या हातात ओझ्याला बांधलेली आपापली दोरी द्या. आता जोर दहा जणांचा, पण ओझं सरकेल एकच वीत.

माणसं तीच, मेहनत तीच. डब्यांचंही अगदी असंच आहे. डबे एकामागे एक जोडून लांब तंतू केला की पल्ला आणि वेग मिळतो. शेजारी शेजारी लावून आखूड पण पुष्कळ तंतू केले की जोर मिळतो. स्नायूची ताकद म्हणूनच त्याच्या वजनावरून कळत नाही. सगळ्या तंतूंना काटकोनात छेद दिला तर किती क्षेत्रफळ भरेल, यावरून कळते. याला आपण 'खरा छेद' म्हणू. तो काढायची रीत सोपी आहे: स्नायूच्या आकारमानाला तंतूंच्या लांबीनं भागायचं, आणि तंतू तिरके असतील तर त्यासाठी थोडी वजावट करायची. खऱ्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरमागे माणसाचा स्नायू ढोबळमानानं दोन ते तीन किलो वजन पेलण्याइतका जोर लावतो.

एक लांबोडका, एक ठुसका

हा हिशेब कागदावरचा राहू नये म्हणून पायातले दोन स्नायू घेऊ.

पहिला सार्टोरियस. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निघून मांडीवरून तिरपा उतरत गुडघ्याच्या आतल्या बाजूला, नडगीच्या वरच्या भागाला जाऊन चिकटणारा हा पट्टा. लॅटिनमध्ये सार्टोर म्हणजे शिंपी. मांडी घालून बसताना पाय जसा वळतो, तसा वळवण्यात हा मदत करतो, म्हणून शिंप्याच्या बैठकीवरून हे नाव. शरीरातला हा सगळ्यांत लांब स्नायू.

दुसरा सोलियस. पोटरीचा वरून दिसणारा फुगीर भाग दुसऱ्याच स्नायूचा, गॅस्ट्रोक्निमियसचा. सोलियस त्याच्या खाली चपटा दडून बसलेला असतो. तो जाणवून घ्यायचा असेल तर खुर्चीवर बसा, गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर. पोटरीच्या खालच्या अर्ध्या भागाला दोन्ही बाजूंनी बोटं लावा आणि गुडघ्यावर थोडा भार देत टाच उचला. बोटांखाली जे टणक होतं, तो सोलियस. गुडघा वाकलेला असताना वरचा स्नायू ढिला पडतो आणि काम याच्याकडे येतं.

२००९ साली अमेरिकी संशोधकांनी देहदानातून मिळालेल्या २१ देहांच्या पायांतले स्नायू एकेक करून मोजले. देह बहुतेक वृद्धांचे होते, तेव्हा तरुणांत आकडे मोठे निघतील, पण प्रमाण बोलकं आहे. सार्टोरियसचं वजन सरासरी ७८ ग्रॅम आणि त्याच्या जुड्या सुमारे ४० सेंटीमीटर लांब. सोलियसचं वजन सुमारे २७५ ग्रॅम, जुड्या मात्र जेमतेम साडेचार सेंटीमीटरच्या. भागाकार केला की सार्टोरियसचा खरा छेद दोन चौरस सेंटीमीटरच्या आत येतो, सोलियसचा पन्नासच्या वर जातो.

म्हणजे वजन साडेतीन पट, पण जोर पंचवीस पटींहून अधिक. किलोच्या भाषेत सांगायचं तर सार्टोरियस चार-पाच किलोंचा ओढा देईल, सोलियस शंभराच्या पलीकडचा. मांडीवरचा तो वीतभर नव्हे, चांगला हातभर लांब पट्टा आणि पोटरीत लपलेला तो आखूड तंतूंचा गठ्ठा. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीही दिसत नाही.

याउलट पल्ल्याच्या हिशेबात सार्टोरियस श्रीमंत आहे. त्याच्या जुड्यांत एकामागे एक दीड लाखाच्या आसपास डबे बसतात, सोलियसच्या तंतूत सोळा-सतरा हजारांच्या आसपास. सार्टोरियस कंबर आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो, दोन्हीकडे मोठी हालचाल करावी लागते, तेव्हा लांबीशिवाय त्याला गत्यंतर नाही. सोलियसचं काम निराळं. उभं असताना शरीर सारखं पुढे कलत असतं आणि त्याला मागून धरून ठेवायचं असतं. तिथे पल्ला लागत नाही, न थकणारा जोर लागतो.

तंतू तिरके का बसवलेत

माझ्या घोट्याचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघाल्यावर फिजिओथेरपिस्टनं पोटरीवर सोनोग्राफीचं यंत्र टेकवून पडदा माझ्याकडे वळवला. मला वाटलं होतं, स्नायूत उभे धागे दिसतील. दिसल्या त्या करड्या पट्ट्यांमधल्या पांढऱ्या तिरप्या रेघा, एखाद्या पिसाच्या दांड्यापासून निघाव्यात तशा. "पंजा खाली दाबा," ती म्हणाली. मी दाबला, आणि त्या रेघा पडद्यावर हलकेच आणखी तिरक्या झाल्या. सोडला, पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या. स्वतःचं शरीर इतक्या जवळून मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग तिनं यंत्र दुसऱ्या, धडधाकट पोटरीवर ठेवलं. तिथल्या रेघा जास्त तिरक्या होत्या आणि त्यांच्यातलं अंतरही जास्त होतं.

या पिसासारख्या मांडणीचं कारण समजायला रस्त्याकडेला लावलेल्या गाड्या आठवा. कडेला समांतर, एकीच्या मागे एक लावल्या तर ठरावीक अंतरात थोड्याच बसतात. तिरक्या लावल्या की तेवढ्याच कडेला कितीतरी जास्त मावतात. कंडरेला चिकटणाऱ्या तंतूंचंही तसंच. पोटरीची लांबी ठरलेली आहे. तंतू उभे लावले तर ते लांब होणार आणि मोजकेच बसणार. तिरके लावले तर आखूड होतील, पण संख्येनं पुष्कळ. सोलियस, मांडीच्या पुढचे स्नायू, खांद्यावरचा डेल्टॉइडचा मधला भाग, जबडा आवळणारा गालामागचा मॅसेटर, जिथे जिथे थोड्या जागेत मोठा जोर हवा तिथे ही तिरकी मांडणी सापडते.

हे पहिल्यांदा भूमितीनं मांडलं ते निल्स स्टेन्सन या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं, १६६७ साली. लॅटिनमध्ये तो स्टेनो म्हणून ओळखला जातो. त्या काळी समज असा होता की मेंदूकडून काहीतरी द्रव्य नसांतून येतं, स्नायूत भरतं आणि तो फुगतो. दंड आवळला की तो फुगलेला दिसतो, तेव्हा समज स्वाभाविकच होता. स्टेनोनं दाखवलं की तिरक्या समांतर तंतूंचा स्नायू आकारमान तसूभरही न वाढता मध्ये जाड होऊ शकतो. त्याच सुमारास यान स्वामरडॅम या डच संशोधकानं बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत ठेवून, नळीच्या तोंडाशी पाण्याचा थेंब धरून तो आकुंचित करवला. थेंब वर सरकला नाही. स्नायू फुगत नाही, फक्त आकार बदलतो. स्टेनोच्या भूमितीकडे मात्र पुढे जवळजवळ तीन शतकं कुणी फारसं लक्ष दिलं नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

पण तिरकं ओढल्यानं जोर वाया जात नाही का?

जातो. गाडी समोरून न ओढता बाजूनं तिरकी ओढली तर काही जोर फुकट जातो, तसाच. पण किती, ते बघा. सोलियसचे तंतू सुमारे २८ अंशांनी कललेले असतात. त्या कोनात नुकसान होतं साधारण १२ टक्के. आणि त्या बदल्यात तंतूंची संख्या कैक पटींनी वाढते. एवढा फायद्याचा व्यवहार सोडणार कोण?

शिवाय तिरकेपणात एक आणखी खुबी आहे. पडद्यावर माझ्या पोटरीतल्या रेघा आणखी तिरक्या होत होत्या, म्हणजे तंतू आखूड होतानाच वळतही होते. या वळण्यामुळे अख्खा स्नायू त्याच्या तंतूंपेक्षा जास्त आखूड होऊ शकतो. २००८ साली टर्की पक्ष्याच्या पोटरीवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की ओझं हलकं असेल तर तंतू जास्त वळतात आणि स्नायूला वेग मिळतो. ओझं जड असेल तर वळणं कमी होतं आणि जोर राखला जातो. सायकलचा गिअर चढावर खाली आणि सपाटीवर वर करावा तसंच. फरक इतकाच की इथे गिअर बदलायला मेंदूला काही सांगावं लागत नाही, ओझ्यानुसार स्नायू स्वतःच तो बदलतो.

टेप लावून ताकद मोजता येते का?

दंडाचा घेर वाढला की जोर वाढतो, हे ढोबळमानानं खरं. पण टेप स्नायूला आडवा वेढा घालते. तंतू तिरके असतील तर तो आडवा छेद आणि खरा छेद यांचा मेळ बसत नाही.

डॅनिश संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात पुरुषांकडून १४ आठवडे पायांचा जड व्यायाम करून घेतला. मांडीच्या पुढच्या स्नायूंचा आडवा छेद सुमारे १० टक्के वाढला, जोर मात्र सुमारे १६ टक्के. आणि बाहेरच्या बाजूच्या स्नायूतल्या तंतूंचा कल ८ अंशांवरून १०.७ अंशांवर गेला होता. जाड झालेले तंतू जास्त तिरके होऊन त्याच जागेत दाटीनं बसले होते. व्यायाम सुरू करून दोन महिने झाले, वजन तर जास्त उचलता येतंय, पण आरशात काही दिसत नाही, असं म्हणणाऱ्यांनी निराश होऊ नये. सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ तर बरीचशी मज्जासंस्थेची असते. जास्त तंतूंना एकाच वेळी हाक मारायला ती शिकते.

'फास्ट' आणि 'स्लो' तंतूंचं काय?

तो फरक खरा आहे. काही तंतू सावकाश पण दीर्घकाळ काम करतात, काही झटक्यात जोर लावून लवकर थकतात. सोलियसमध्ये पहिल्या प्रकारचे बहुसंख्य असतात. पण तंतूची जात ही मांडणीच्या जोडीनं काम करते, तिच्या ऐवजी नव्हे.

याचा चांगला दाखला चिंपांझीचा. चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदवान, असं पूर्वीपासून सांगितलं जातं. २०१७ साली त्यांचे तंतू प्रत्यक्ष तपासून आणि स्नायूंचं गणित मांडून बघितलं तेव्हा तेवढ्याच आकाराच्या मानवी स्नायूपेक्षा त्यांचा स्नायू सुमारे १.३५ पट सरस निघाला. एकेका तंतूचा जोर आपल्यासारखाच होता. फरक होता तो दोन गोष्टींत: त्यांच्यात वेगवान तंतू सुमारे दोन तृतीयांश असतात, आणि तंतूंची लांबीही जास्त असते. आपल्यात सावकाश तंतूंचा भरणा आहे. मैलोन्‌मैल चालण्यासाठी ही देणगी अनमोल आहे, झाडावर झेपावण्यासाठी नाही.

हाडांची तरफ

तंतूंचा जोर शेवटी हाडांमार्फतच बाहेर येतो. हातात ५ किलो घेऊन कोपर काटकोनात धरा. वजन कोपरापासून ३५ सेंटीमीटरच्या आसपास आहे, आणि दंडातला बायसेप्स चिकटतो तो कोपरापासून अवघ्या चार-पाच सेंटीमीटरवर. म्हणजे ५ किलो पेलायला स्नायूंना तिथे ४० किलोंच्या आसपास जोर लावावा लागतो, तोही हाताचं स्वतःचं वजन सोडून. व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो, पण त्याच हिशेबानं स्नायू एक सेंटीमीटर आखूड झाला की हात सात-आठ सेंटीमीटर फिरतो. शरीरानं जोर खर्चून वेग विकत घेतला आहे.

सुलेमानोग्लू इथे पुन्हा आठवतो. आखूड हातपायांच्या माणसात ओझ्याचं सांध्यापासूनचं अंतर कमी राहतं आणि वजन न्यायची उंचीही कमी. त्यानं कष्ट कमी घेतले असं मुळीच नाही. त्याच्या कष्टांना अनुकूल सांगाडा मिळाला होता.

धावपटूंत चित्र उलटं आणि जास्त गमतीचं आहे. १०० मीटरवाल्यांच्या पोटरीत तंतूंच्या जुड्या लांब असतात, हे अनेकदा मोजलं गेलंय. २००९ च्या एका अभ्यासात त्यांच्या घोट्यापासून टाचेच्या कंडरेपर्यंतची तरफ इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के आखूड आढळली. आखूड तरफ म्हणजे तोटाच की! पण ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्येच दाखवलं होतं की स्नायू जितक्या वेगानं आखूड होतो, तितका त्याचा जोर कमी होतो. भरभर पळणारी दोरी धरायला गेलं की एका वेळी थोडेच हात तिला पकडू शकतात, तसं डब्यातल्या इवल्या हातांचं होतं. तरफ आखूड असली की घोटा तेवढाच फिरवायला स्नायूला कमी आखूड व्हावं लागतं. जुड्या लांब असल्या की ते काम जास्त डब्यांत वाटलं जातं. प्रत्येक डबा सावकाश चालतो आणि म्हणून जोर टिकवतो. पाय वाऱ्यासारखा पळावा यासाठी आतला डबा संथ राहावा लागतो.

ही मांडणी बदलते का?

बदलते, आणि वाटतं त्याहून लवकर. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मांजरांच्या पायाला, सोलियस आखूड राहील अशा स्थितीत, चार आठवडे प्लास्टर घातलं होतं. तंतूंतले सुमारे ४० टक्के डबे गळाले. स्नायू ताणलेल्या स्थितीत ठेवला तेव्हा उलट सुमारे २० टक्के वाढले. आणि प्लास्टर काढल्यावर काही आठवड्यांत संख्या पूर्ववत झाली. शरीर डबे मोजूनमापून ठेवतं. रोज ज्या लांबीत काम करायचं, त्या लांबीत प्रत्येक डबा बेताचा राहील इतकेच ठेवतं. घोट्याचं प्लास्टर शक्यतो पाऊल काटकोनात ठेवून घालतात, त्यामागचं एक कारण हे.

उंच टाचांच्या चपलांची गोष्ट याच वाटेनं जाते. किमान ५ सेंटीमीटर टाच वर्षानुवर्षे वापरणाऱ्या स्त्रियांच्या पोटरीतल्या जुड्या सुमारे १३ टक्के आखूड आढळल्या, टाचेची कंडरा जाड आणि ताठ झालेली. त्यांना सपाट चप्पल घातली की पोटरी ओढल्यासारखी वाटते, ती तक्रार कल्पनेतली नाही. मोजता येणारी आहे.

खेळाडूंसाठी याचं मोल मोठं. मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग स्नायू धावताना फाटतो तो बहुधा ताणलेल्या अवस्थेत. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल फुटबॉलपटूंच्या २०१६ मधल्या अभ्यासात आखूड जुड्यांच्या खेळाडूंना ही दुखापत होण्याची शक्यता सुमारे चौपट निघाली. आणि या जुड्या लांब करता येतात. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं, पडता पडता स्वतःला रोखत. याला नॉर्डिक व्यायाम म्हणतात. नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर आल्या आहेत. तालीम साधी आहे, खर्च शून्य आहे, आणि तरी कित्येक संघ ती टाळतात. हे मला सलतं.

मग स्ट्रेचिंग करून तंतू लांबतील ना, असं कुणी विचारेल. नुसतं ताणल्यानं पहिल्यांदा वाढते ती बहुतांशी ताण सोसायची सवय. डबे वाढवायला स्नायूनं लांब होता होताच जोर लावावा लागतो, म्हणजे ओझं खाली सोडताना त्याला आवरून धरावं लागतं. उतारावर पळवलेल्या उंदरांच्या मांडीत असे डबे वाढलेले मोजले गेले आहेत, चढावर पळवलेल्यांपेक्षा जास्त.

जिना उतरताना

वयाबरोबर स्नायू झडतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो दोन्ही बाजूंनी झडतो. २००३ च्या एका अभ्यासात सत्तरीतल्या पुरुषांच्या पोटरीतल्या जुड्या तरुणांच्या मानानं सुमारे १० टक्के आखूड आणि सुमारे १३ टक्के कमी तिरक्या निघाल्या. तिरकेपणा कमी झाला म्हणजे शेजारी शेजारी बसलेले डबे घटले, जोर घटला. लांबी कमी झाली म्हणजे एकामागचे डबे घटले, वेग घटला. पाय अडखळला की पुढचं पाऊल क्षणात टाकून सावरायचं असतं. तिथे नुसता जोर पुरत नाही, वेगही लागतो.

म्हणून आजी-आजोबांना "रोज चालत जा" एवढंच सांगून थांबणं मला अपुरं वाटतं. सपाटीवर चालताना टाचेची कंडरा रबरासारखी ताणली जाऊन परत येते आणि बरंचसं काम तिच्यावर जातं. पोटरीतले तंतू तेवढ्या वेळात फारसे लांब-आखूड होतच नाहीत. जिना उतरताना तसं नसतं. मांडीचे पुढचे स्नायू लांब होता होता अख्खं शरीर पायरी पायरीनं खाली सोडतात. कठडा हातात असावा, गुडघे दुखत असतील तर डॉक्टरांना विचारावं, आणि सुरुवात दोन-तीन पायऱ्यांनी करावी. पहिल्यांदा केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील. त्या सवयीच्या नसलेल्या ताणानं तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजा आहेत, आठवडाभरात त्या भरून निघतात. तोच जिना पुन्हा उतरला की दुखणं पहिल्याच्या मानानं पुष्कळ कमी असतं.